डोळे असलेल्या होड्या

भारतातून पाहुणे आले की आपल्या सगळ्यांच्या घरी साधारण एकच वेळापत्रक असतं. पहिल्या दिवशी लिटल इंडिया आणि मुस्तफा, दुसऱ्या दिवशी सेंटोसा, तिसऱ्या दिवशी प्राणी नाहीतर पक्षी, आणि शेवटच्या संध्याकाळी, पाय पुरते दुखायला लागल्यावर, क्लार्क कीवरून बोटीची फेरी. त्या चाळीस मिनिटांत सगळ्यांचे मोबाइल मरिना बेच्या दिशेने रोखलेले असतात. ज्या बोटीत बसलोय तिच्याकडे मात्र कुणी बघत नाही. मीही कितीतरी पाहुण्यांबरोबर अशीच फिरून आले. गेल्या वर्षी माहेरच्या एका जुन्या होडीचा प्रश्न घरात निघाला, आणि तेव्हापासून मी या नदीवर इमारतींपेक्षा बोटीच जास्त बघते.

तुम्हीही पुढच्या वेळी बोट धक्क्याला लागताना समोरून बघा. नाळेवर दोन्ही बाजूंना मोठे गोल डोळे रंगवलेले दिसतील. पाण्यातली वाट आणि संकट बोटीला दिसावं म्हणून चिनी खलाशी ते काढत. पूर्वी बोटीच्या तोंडाच्या रंगावरून मालकही ओळखता येई: लाल असेल तर तिओच्यू, हिरवा असेल तर होक्किएन. कडेला टायर लटकवलेले असतात, ते एकमेकींवर आपटून फळ्या फुटू नयेत म्हणून. मी डोळ्यांचा फोटो काकांना पाठवला, तर त्यांचं उत्तर आलं, "होडीला कशाला डोळे? तांडेलाला नसतात का?"

आपण सरसकट ज्यांना बमबोट म्हणतो, त्या मूळच्या मालवाहू होड्या. तोंगकांग आणि त्वाकॉ ही त्यांची नावं. मोठी जहाजं बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राहत; तांदूळ, रबर, मसाले या होड्यांत उतरवून नदीतून बोट कीच्या गोदामांपर्यंत आणत. तिथून अरुंद फळीवरून पाठीवर पोती घेऊन हमाल वर चढत. घरात जुन्या नोटा जपून ठेवल्या असतील तर १९८४ पासून निघालेली जहाजांची मालिका काढून बघा: दोन डॉलरवर तोंगकांग आहे आणि पाचवर त्वाकॉ. मी अजून शाळेत इतिहास शिकवत असते, तर फळ्यावर काही लिहिण्याआधी या दोन नोटा वर्गात फिरवल्या असत्या.

नदीच्या मुखाजवळचा कॅव्हेना पूल १८६९ सालचा. तो इतका बसका आहे की भरतीला होड्या त्याच्याखालून जात नसत, ओहोटीची वाट पाहत रांगेने थांबत. हे वाचलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. खाडीकाठी वाढलेल्या माणसाचा दिवस घड्याळावर चालत नाही, पाण्यावर चालतो.

या होड्यांचं काम गेलं ते दोन बाजूंनी. १९७२ साली तंजोंग पगारला कंटेनरचं बंदर सुरू झालं. जहाज थेट धक्क्याला लागून क्रेनने रिकामं होऊ लागलं, तशी मधल्या होडीची गरज कमी होत गेली. दुसरीकडे नदी इतकी घाण झाली होती की तिचा वास लांबून यायचा. १९७७ साली पंतप्रधान ली क्वान यू यांनी दहा वर्षांत ती स्वच्छ करायचं ठरवलं. काठावरच्या झोपड्या, डुकरांचे गोठे, फेरीवाले, सगळ्यांना दुसरीकडे हलवलं गेलं. १९८३ मध्ये होड्यांची पाळी आली. शेकडो होड्या पासिर पांजांगला गेल्या, आणि शंभरहून जास्त वर्षं गजबजलेली नदी रिकामी झाली. १९८७ पर्यंत पाणी स्वच्छ झालं, पण त्यावर काही हलत नव्हतं. मग होड्या परत आल्या, पोत्यांऐवजी माणसं घेऊन. माल भरायच्या पोटात बाकं बसली, वर छप्पर आलं, लाइफ जॅकेटं आली. आता नदीवर विजेच्या मोटरवर चालणाऱ्या बोटीही आहेत. धूर नाही, आवाजही फारसा नाही. जुन्या खलाशाला ही आपली बोट वाटेल का, कोण जाणे. पण ती पाण्यात आहे.

आता आमच्या होडीबद्दल. माझं माहेर दापोली तालुक्यात, एका खाडीच्या काठी. आजोबांनी बांधून घेतलेली होडी पुढे काकांनी चालवली. खाडीपार माणसं, सायकली, आंब्याच्या पेट्या, कधी लग्नाचं वऱ्हाड नेणारी ती गावची तर होती. फावल्या वेळात तीच होडी गळाने मासे धरायला जायची. माझं पहिलं शेंगटं मी तिच्यातच धरलं आणि काटा लागल्यावर रडलेही तिच्यातच. पुढे पूल झाला. पूल हवाच होता. रात्री-अपरात्री बाळंतीण न्यायची वेळ ज्यांच्यावर आली त्यांना विचारा. पण त्या दिवसापासून होडी आवाराच्या कडेला उंडीखाली पालथी पडली. पहिली काही वर्षं काका पावसाआधी तिला झापांनी शाकारायचे, तेल चोळायचे. मग गुडघे दुखायला लागले आणि तेही सुटलं.

आता चुलतभावाने घराच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या आहेत. पाहुण्यांना खाडीत फिरवायला आणि मासे धरायला त्याला होडी हवी आहे. त्याच्या मनात होती अ‍ॅल्युमिनिअमची, जुनी मिळाली तर ती. काकूचं म्हणणं, "जळणाला तरी घ्या, तिच्याखाली साप होतात." काका काहीच बोलेनात. शेवटी मला विचारण्यात आलं, कारण मी शिकलेली आणि बोटींच्या देशात राहणारी!

म्हणून मी चांगीला गेले. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून पुलाऊ उबिन बेटावर जायला अजून डिझेलच्या लाकडी बमबोटी मिळतात. बारा माणसं जमली की बोट सुटते. नाही जमली तर थांबा, नाहीतर बाराजणांचे पैसे द्या. अगदी आपल्या तरीसारखं! इथल्या बोटींना कुणी सजवलेलं नाही. रंगावर रंग चढलेत, इंजिनाची धडधड पायातून वर येते, आणि त्या पोट भरतात. परत येताना पुरेशी माणसं जमेनात, तेव्हा एका वयस्क नावाड्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत गप्पा झाल्या. बोट वर काढायची, शेवाळ आणि शिंपले खरवडायचे, फटी भरायच्या, रंग द्यायचा, हे ठरलेलं असतं, असं तो म्हणाला. मी आमच्या होडीबद्दल सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "नीट केल्यावर ती काय काम करणार?"

त्याचं बरोबर होतं. लाकडाची होडी पाण्यात असते तोवर फळ्या फुगून एकमेकींना घट्ट धरतात. उन्हात पडली की त्या सुकतात, आकसतात, सांधे उघडतात. मग पावसाचं गोडं पाणी त्यात साचतं आणि कुजायला तिथूनच सुरुवात होते. काम नसलेली होडी कामातल्या होडीपेक्षा लवकर मरते.

फटी भरण्याच्या विद्येत तर आपलं नि यांचं नातंच निघालं. चिनी कारागीर चुना, तुंग झाडाच्या बियांचं तेल आणि तागासारखा धागा कुटून लुकण करतात आणि त्याने सांधे बुजवतात. इंग्रजीत त्याला नाव पडलं ते चुनाम, म्हणजे आपला चुनाच. इथल्या सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलच्या भिंतींवरही चुनामचा गिलावा आहे, आणि ती इमारत उभारली हिंदुस्थानातून आणलेल्या कैद्यांनी. कॅव्हेना पुलाजवळच्या आशियाई संस्कृती संग्रहालयात नवव्या शतकातल्या एका बुडालेल्या जहाजातला माल मांडला आहे. त्या जहाजाला खिळे नव्हते, फळ्या दोराने शिवलेल्या होत्या. तसंच जहाज पुन्हा बांधून, नारळाच्या काथ्याने शिवून, ओमानहून शिडावर सिंगापूरला आणलं, ते २०१० साली. आणि आता आपल्या नौदलातही असं शिवलेलं जहाज आहे, आयएनएसव्ही कौंडिण्य. ते गोव्यात बांधलं, अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून! शिवलेल्या होडीची दोरी जुनी झाली की उसवायची आणि पुन्हा शिवायची. दुरुस्ती हा तिच्या जन्मातच धरलेला भाग.

गणपतीला गेले तेव्हा सुताराला बोलावलं. त्याने होडी उलटी-सुलटी करून घेतली आणि पटाशीच्या दांड्याने फळी न् फळी ठोकली. चांगलं लाकूड टणटण वाजतं, कुजलेलं बद्द. मी वहीत खुणा करत गेले. तळाचा कणा आणि बहुतेक फासळ्या शाबूत. जमिनीला टेकलेल्या बाजूच्या सात फळ्या गेलेल्या. भावाने विचारलं, वरून फायबर चढवलं तर? सुतार म्हणाला, आतलं लाकूड ओलं राहिलं तर फायबरच्या आत कुजेल आणि दिसणारही नाही. अ‍ॅल्युमिनिअमचंही बोलणं झालं. ते हलकं, कुजत नाही, दोघांना उचलता येतं. पण जुन्या बोटीचे रिबिट सैल झालेले असतात, खाऱ्या पाण्यात तांब्या-पितळेचा तुकडा जरी लागून राहिला तरी पत्रा खायला लागतो, आणि त्याला जोड द्यायचा तर वेगळा वेल्डर लागतो. आमच्या गावात सुतार आहे, असा वेल्डर नाही. बिघडली की जिथल्या तिथे दुरुस्त होईल तीच होडी घ्यावी, असं मी सांगितलं. भाऊ मात्र पक्का. म्हणाला, "ताई, आठवणीसाठी पैसे घालणार नाही. आठवड्यातून चार दिवस पाण्यात जाणार असेल तरच." त्या नावाड्याचाच प्रश्न, मराठीत.

ठरलं ते असं. सात फळ्यांचं सागवान माझ्याकडून, मजुरी भावाची. फटींना काथ्या आणि राळ, तळाला डांबर. बसायला पाचच माणसं, प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि मेरीटाइम बोर्डाच्या तपासणीत पास झाली तरच पाहुणे बसणार. नाही झाली, तर भाऊ एकटा गळ टाकायला नेईल. आणि तेवढंही जमलं नाही, तर काकूचं म्हणणं खरं करायचं, कुणी रडायचं नाही. काकांनी हे सगळं ऐकून घेतलं, आत गेले आणि कुठल्याशा माळ्यावरून जुनी वल्ही काढून अंगणात उन्हाला ठेवली.

लाकूड चिरून आलं आहे, वाळतं आहे. दिवाळी झाली की सुतार कामाला लागेल. तोवर आमच्याकडे डिसेंबरात पाहुणे येतील, तेव्हा मी त्यांना आधी उबिनला नेणार आहे, डिझेलच्या धडधडीत, बारावं माणूस येईपर्यंत थांबवून. क्लार्क कीची फेरी नंतर.