पिळाचा हिशेब

"याला मोटर कुठाय?" बॅडमिंटन हॉलचे शिपाईकाका दर रविवारी विचारतात, आणि मी दर रविवारी त्यांच्या हातावर रबराचं वेटोळं ठेवतो. ते चिमटीत धरून बघतात, "हे होय!" म्हणतात आणि पंखे बंद करायला जातात. पंखे फिरत असले तर आमचा खेळच होत नाही. आठ ग्रॅमचं बाल्साचं विमान झुळकीसरशी भिंतीवर जातं.

रबर फक्त दीड ग्रॅम. बघणाऱ्यांना कौतुक पंखांचं. पण विमान मी पंधरा दिवसांत बांधतो. रबर कळायला सहा वर्षं गेली. पॅरिसमध्ये 1871 साली आल्फॉन्स पेनो यांनी पिळलेल्या रबरावर छोटं विमान अकरा सेकंद उडवलं होतं. माझ्या पहिल्या विमानाला तेवढंही जमलं नाही.

पट्टी येते ती शंखजिऱ्याची पूड माखून. साबणाच्या पाण्यात धुवायची, सावलीत वाळवायची. ऊन रबराचं वैरी. मग मोजायची ती फूटपट्टीवर नाही, सोनाराकडे असतो तसल्या काट्यावर. एकाच गुंडाळीत पट्टीची जाडी बदलते, त्यामुळे लांबी फसवते, वजन फसवत नाही. रुंदी हा खरा निर्णय. तेवढ्याच वजनात रुंद पट्टी आखूड होते आणि दांडगाई करते: विमान छताला थडकतं, पीळही लवकर संपतो. अरुंद पट्टी फेऱ्या भरपूर घेते, पण विमान डोक्याच्या वर चढायला तयार नसतं. माझ्या विमानाला दोन मिलिमीटरच्या आसपास मानवतं.

गाठ थुंकी लावून मारायची, आणि तेलाच्या आधी. उलट केलं तर ऐन वेळी सुटते. तेल सिलिकॉनचं, दोनचार थेंब. पूर्वी ग्लिसरीन आणि साबण चोळत.

नवं रबर थेट पिळत नाहीत. कोल्हापुरी चपलेसारखं आधी रुळवावं लागतं. चौपट ताणून काही मिनिटं धरायचं, मग सैल सोडून विसावू द्यायचं. रबर झटक्यात ताणून ओठांना लावलं तर कोमट लागतं. सैल सोडलं की गार. केंडलचे अंध अभ्यासक जॉन गॉफ यांनी 1805 साली हे असंच ओठांनी ताडलं होतं. काट्याशिवाय होणारं या कामातलं हे एवढंच, म्हणून मी ते दर वेळी करतो. गरज नसते.

तुटेपर्यंत ताणू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण कुठे तुटतं हे तोडल्याशिवाय कसं कळणार? म्हणून प्रत्येक गुंडाळीतलं एक वेटोळं मी मुद्दाम तोडतो. माझ्या पीळयंत्राचा दांडा एकदा फिरला की रबराला पंधरा फेऱ्या पडतात. पाचपट ताणून निम्म्या फेऱ्या तिथेच भरायच्या, मग पीळ देत देत एकेक पाऊल पुढे यायचं. रबरावर गाठींची एक रांग चढते, मग तिच्यावर दुसरी. आताच्या गुंडाळीतलं 92 दांड्यांना तुटलं. तेव्हा मी 82 वर थांबतो. हे सगळं विमानापासून दूर, दोन्ही टोकांना रबरी कड्या अडकवून. एकदा आळसाने विमानावरच पीळ भरला, रबर तुटलं, आणि मधल्या काडीच्या उभ्या चिरफळ्या झाल्या.

आणि मग सगळ्यात जड जाणारं काम: कमावलेल्या फेऱ्या परत सोडायच्या. पूर्ण भरलेलं रबर सुरुवातीला उसळी मारतं, आणि आमचं छत जेमतेम नऊ मीटरवर. चार दांडे उलटे फिरवले की फेऱ्या थोड्याच जातात, जोर मात्र धाडकन उतरतो. नवी मुलं इथे हटकून कचरतात. मीही कचरत होतो. विमान महिनाभर छताच्या कैचीत अडकत राहिलं, काका शिडी आणत राहिले.

गेल्या रविवारी 1230 फेऱ्या भरल्या, साठ सोडल्या. विमान दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद हवेत राहिलं, छताला शिवलं नाही. उतरल्यावर मोजलं तर रबरात दोनशे फेऱ्या शिल्लक होत्या. पुढची पट्टी केसभर रुंद कापायला हवी.