तेरा अंशांचा सौदा

कॅक्टस म्हटला की माणसांच्या डोळ्यांपुढे वाळवंट उभं राहतं. माळव्यातल्या बागलीत माझ्या गच्चीवर येणारे पाहुणे कुंड्या पाहतात आणि हमखास विचारतात, ‘‘अहो, ही उन्हातली झाडं, सावलीत कशाला कोंडलीत?’’ त्यांचं ऐकून मे महिन्यात माझ्या कुंड्यांतल्या रेबुशिया या कॅक्टसला उघड्यावर ठेवलं, तर ती करपून जाईल. ती वाळवंटातली नाहीच. तिचं घर दक्षिण बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिनात, अँडीजच्या उतारांवर, बाराशे मीटरपासून थेट साडेतीन हजार मीटरपर्यंत. कार्ल शूमान या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९५ साली या प्रजातीला नाव दिलं ते पिएर रेबू या फ्रेंच कॅक्टस-व्यापाऱ्याचं. संशोधकाऐवजी रोपं विकणाऱ्याचा मान राखला गेला, हे मला आवडतं.

एकेक गोळा जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा. कडेने पिल्लं फुटत जातात आणि काही वर्षांत कुंडीभर झुबका होतो. डोंगरावर या बुटकेपणाला आणि दाटीला अर्थ आहे. जमिनीलगत वारा कमी लागतो, आणि दिवसभर तापलेला दगड रात्री ऊब देतो. हिवाळ्यात पाणी तुटलं की गोळे आक्रसतात, आतला रस दाट होतो, आणि दाट रस सहजी गोठत नाही.

नकाशा उघडला की गंमत कळते. बागली विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेबावीस अंशांवर, तर बोलिव्हियातलं तारिहा दक्षिणेला साडेएकवीसवर. दिवसाची लांबी जवळपास तीच, फक्त ऋतू सहा महिन्यांनी उलटे. पाऊस दोन्हीकडे गरम महिन्यांत पडतो, हिवाळा दोन्हीकडे कोरडा. उरतो तो उंचीचा फरक. माळव्याचं पठार सरासरी पाचशे मीटरवर. तारिहाच्या डोंगरांतली चंदेरी काट्यांची रेबुशिया हेलिओसा अडीच हजारांच्या आसपास. दर हजार मीटरला पारा सरासरी साडेसहा अंश उतरतो, म्हणजे हिशेब तेरा अंशांचा. माझी सगळी बागकामाची हुशारी या तेरा अंशांशी घासाघीस करण्यात खर्च होते.

त्यातही दिवसापेक्षा रात्र महत्त्वाची. कॅक्टस आपली पर्णरंध्रं रात्री उघडतो, कार्बन डायऑक्साइड आत घेतो, आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा रंध्रं मिटून त्याचं अन्न करतो. रात्र उकाड्याची असली की हे गणित बिघडतं. कमाई कमी आणि श्वसनाचा खर्च जास्त. ‘शब-ए-माळवा’चं कौतुक पूर्वीपासून होत आलंय, पण त्या थंड रात्रींवर एक अँडीजचं झाडही जगतं, हे कौतुक करणाऱ्यांना ठाऊक नसावं. एप्रिल-मेमध्ये मी कुंड्या पूर्वेच्या भिंतीलगत आणतो. सकाळचं ऊन मिळतं, दुपारी हिरवी जाळी, आणि संध्याकाळी भोवतालच्या फरशीवर पाणी शिंपडायचं, कुंडीत नाही.

मातीचं उत्तर तालुक्यातच आहे. आमच्याकडचा कावडिया डोंगर बेसाल्टच्या कोनदार खांबांचा. असाच दगड पुरता झिजला की काळी माती होते आणि अर्धवट झिजला की मुरूम. सोयाबीनला लाभणारी काळी माती रेबुशियाला मात्र मारक. पाणी धरून ठेवते आणि जुलैत मुळं कुजतात. चाळलेला मुरूम दोन भाग, विटांचे बारीक तुकडे एक भाग, कुजलेलं पानखत मूठभर. पावसाळ्यात वर पारदर्शक पत्रा हवाच, पण बाजू मोकळ्या.

रोपवाटिकांनी या कुजण्यावर सोपी वाट काढली आहे: ड्रॅगनफ्रूटच्या दांड्यावर कलम. हेलिओसासारखी कुजरी जात त्याशिवाय टिकवणं कठीण, हे मान्य. पण साध्या रेबुशिया मिनिस्क्युलालाही दांड्यावर चढवलेलं पाहिलं की मला राग येतो. झाड फुगतं, गोळे सैल होतात, जमिनीलगतचा झुबका हवेत लटकतो. मिनिस्क्युला बियांवरून सहज येते, थोडा धीर धरला की झालं.

खरा शत्रू लाल कोळी. कोरड्या, कोंदट हवेत तो वाढतो, आणि गोळ्यांचे शेंडे तपकिरी, खरबरीत दिसू लागेपर्यंत पत्ता लागत नाही. भिंग घेऊन बसावं. पिठ्या ढेकूण निदान डोळ्यांना तरी दिसतो.

फुलं येतात ती शेंड्यावर नाही, बुडाशी. नारिंगी, लाल, पिवळी, कधी गोळ्यापेक्षा मोठी. सकाळी उमलतात, संध्याकाळी मिटतात, असं काही दिवस. त्यासाठीची तयारी दिवाळीतच सुरू होते. लक्ष्मीपूजन झालं की मी पाणी तोडतो आणि कुंड्या रात्रीच्या गारठ्यात उघड्या ठेवतो. डिसेंबरात गोळे सुरकुततात, घरची माणसं हळहळतात, तरी पाणी द्यायचं नाही. हिवाळा सरता सरता बुडाशी तांबूस ठिपके दिसतात. तेव्हाही घाई नको. ठिपका लांबून कळीचा आकार स्पष्ट झाला की मगच पहिलं पाणी, कारण त्याआधी भिजवलं तर पुष्कळदा त्याच ठिपक्याची कळी न होता पिल्लू होतं.