साडेसात टनांची रेघ

माल किंवा भाड्याचे प्रवासी वाहणारी गाडी म्हणजे परिवहन वाहन. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार ती चालवायला वयाची 20 वर्षे पूर्ण लागतात. स्वतःच्या मोटारीला 18 पुरतात. शिवाय हलक्या वाहनाचे पक्के लायसन मिळून वर्ष झाल्याखेरीज परिवहन वाहनाचे शिकाऊ लायसन निघत नाही.

घोळ होता तो छोट्या टेम्पोचा. गाडी हलकी, पण माल वाहणारी. मग साधे लायसन चालेल का? प्रस्तुत लेखकाने 2015 साली भाजीचा टेम्पो असाच चालवला. पावसात तो कलंडला. विमा कंपनीच्या माणसाने लायसन उलटसुलट पाहून एवढेच विचारले, "टीआर कुठाय?" परिवहनाचा तो शेरा लायसनवर नव्हता. दावा फेटाळला गेला आणि दुरुस्तीचा खर्च मालकाने लेखकाच्या पगारातून महिनोन् महिने कापला.

पुढे 2017 मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की 7,500 किलोपर्यंतच्या अशा गाडीला हलक्या वाहनाचे लायसन पुरे, वेगळा शेरा नको. 6 नोव्हेंबर 2024 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तेच कायम केले. हे वजन भरल्या गाडीचे, म्हणजे परवानगी असलेल्या मालासकट धरायचे. लेखकासाठी 2017 चा निकाल दोन वर्षे उशिरा आला.

त्या रेघेपलीकडे, अवजड गाडीला, सवलत नाही. ड्रायव्हिंग स्कूलचा नमुना 5 लागतो आणि डॉक्टरांचा नमुना 1-अ. त्यात 25 मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, असे रकाने असतात. लेखकाच्या वेळी डॉक्टरांनी मान वर न करता सगळे भरून टाकले. रात्री घाटात समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले, की त्या रकान्यांची किंमत कळते.

चाचणीत चढावर थांबवलेली गाडी मागे न घसरता पुढे काढावी लागते आणि अरुंद जागेत मागे घ्यावी लागते. लेखकाचा पहिल्या खेपेला मागचा टायर खांबाला लागला. दुसऱ्या खेपेला निभावले. तेव्हा आठवी पासची अटही होती. लेखक नववी नापास, म्हणून सुटला; बरोबरचा क्लीनर सातवीवर अडकला, आणि गाडी तर तो लेखकापेक्षा सफाईने मागे घ्यायचा. 2019 मध्ये ती अट गेली, हे योग्यच झाले.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परिवहन लायसनची मुदत 3 वरून 5 वर्षे केली, पण मुदतीनंतरची 30 दिवसांची सूटही काढून घेतली. तारीख उलटली, की दुसऱ्या दिवसापासून गाडी चालवणे म्हणजे विनालायसन चालवणे, आणि त्याला दंड 5,000 रुपये. वर्ष उलटून गेले, तर चाचणी पुन्हा पहिल्यापासून.