सिमेंटची झाडे

फिलाडेल्फियाला गेलेला पाहुणा तिथली तडा गेलेली स्वातंत्र्य-घंटा पाहतो आणि परत फिरतो. मीही ती पाहिली. पण मनात घर करून राहिली ती शहराच्या उत्तर भागातली जर्मनटाउन ॲव्हेन्यूवरची वस्ती.

हा भाग एके काळी कामगारांचा. इथला स्टेटसन टोप्यांचा अवाढव्य कारखाना १९७१ साली बंद पडला. असे एकेक कारखाने गेले आणि त्यांच्यामागून माणसेही गेली. ओस घरे पाडली गेली. दात पडावेत तशा घरांच्या रांगेत फटी राहिल्या.

१९८६ साली आर्थर हॉल या नर्तकाने अशाच एका पडीक जागेचे काहीतरी करा, म्हणून लिली येह यांना बोलावले. बाई जन्माने चिनी, पेशाने चित्रकार. बाग कधी केलेली नाही, जवळ पैसाही बेताचाच! राडारोड्याच्या मधोमध त्यांनी काठीने एक वर्तुळ आखले आणि कामाला लागल्या. मोठी माणसे दुरूनच पाहत राहिली. धावत आली ती पोरे. हळूहळू तिथे सिमेंटची झाडे उभी राहिली, त्यांच्यावर फुटक्या रंगीत फरश्यांचे तुकडे बसले.

पुढे आला जेम्स मॅक्स्टन ऊर्फ ‘बिग मॅन’. व्यसनातून वर येऊ पाहणारा हा धिप्पाड गडी तुकडे जुळवता जुळवता पक्का कारागीर झाला. एका गल्लीच्या भिंतीवरचे इथिओपियन धाटणीचे देवदूत त्याच्याच हातचे!

मग खरी मातीही आली. भाज्यांचे नि फुलांचे वाफे झाले, दोन एकरांत झाडांची रोपवाटिका झाली. शंभराहून अधिक पडीक जागांचा कायापालट झाला. गरिबी काही तेवढ्याने गेली नाही. पण २००४ साली लिलीबाई तिथून निघाल्या तेव्हा मागे एक नांदती संस्था होती.

आपल्याकडे जिन्यात पिंका पडू नयेत म्हणून कोपऱ्यात देवादिकांच्या फरश्या बसवतात. त्या बाजारातून आणलेल्या, धाक देवाचा. इथले देवदूत मात्र वस्तीतल्याच माणसाने घडवलेले. त्यांच्याकडे बोट दाखवून ‘हे आमचे’ म्हणता येते.

आधी सिमेंटची झाडे आणि मग खरी, हा क्रम मला प्रथम उलटा वाटला होता. पण भाजीला रोज पाणी लागते. आणि रोज पाणी घालायला कोणी यायचे, तर आधी ती जागा आपली वाटावी लागते.