तीस गोळ्या, बावीस दिवस

'रिफिल' हा शब्द मराठी माणसाच्या आयुष्यात आला तो बॉलपेनातून. निळी, काळी आणि मास्तरांची लाल. संपली की कोपऱ्यावरच्या दुकानात जायचे, पैसे टाकायचे आणि नवी घ्यायची. "मागची इतक्या लवकर कशी संपली? पत्रं फार लिहिता वाटतं?" असे त्या दुकानदाराने आजतागायत कुणाला विचारलेले नाही. पुढे घरोघर गॅस आला. तिथे लवकर संपणे थोडे लाजिरवाणे ठरले, पण अडल्यावेळी शेजारून उसना सिलिंडर तरी मिळत असे. मात्र ह्या जगात एक वस्तू अशी आहे, की ती मुदतीआधी संपली तर दुकानदार देत नाही आणि शेजाऱ्याने दिली तरी घेऊ नये. ती म्हणजे झोपेची गोळी.

आमच्या मामांना हे ज्ञान वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी झाले.

मामा डोंबिवलीला राहतात. पोस्टातून निवृत्त झालेले. मामी गेल्या आणि मामांची झोपही त्यांच्याबरोबर गेली. डॉक्टरांनी अल्प्राझोलाम नावाची गोळी लिहून दिली. "नावातच अल्प आहे, म्हणजे अपाय नसणार," असा मामांनी त्या शब्दाचा विग्रह केला. रोज रात्री एक, दर तीस दिवसांनी तीस, अशी तीन वेळा द्यावी, असे चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलेले. पहिला महिना सुरळीत गेला. दुसऱ्या महिन्यात मामा अठ्ठाविसाव्या दिवशीच केमिस्टच्या दारात उभे राहिले आणि "परवा या" हे ऐकून परतले. पुढच्या महिन्यात ते बाविसाव्या दिवशी गेले. ह्या खेपेला पिशवी धरायला मी बरोबर होतो.

"काका, अजून आठ दिवस आहेत," केमिस्ट म्हणाला.

"आठ गोळ्या मोरीत पडल्या."

"गेल्या खेपेलाही दोन मोरीतच पडल्या होत्या."

"मग? मोरी तीच आहे!"

केमिस्ट गप्प. मामांनी पवित्रा बदलला. "बरं, मला गावाला जायचंय."

"कुठल्या?"

"ते अजून ठरायचंय."

शेवटी मामांनी ठेवणीतला आवाज काढला. "मी काय तुला गर्दुल्ला दिसतो?"

"तुम्ही सज्जन दिसता, काका, हीच तर पंचाईत आहे. ह्या वहीत सज्जनांसाठी वेगळा रकाना नाही." असे म्हणून त्याने एक जाडजूड वही गल्ल्यावर ठेवली.

आता त्या वहीविषयी थोडेसे. आपल्याकडचे औषधांचे नियम १९४५ सालचे. त्यांत सांगितले आहे, की डॉक्टरने 'पुन्हा द्यावे' असे लिहिले नसेल तर अशा चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे. किती वेळा आणि किती दिवसांनी, हे लिहिले असेल तर त्याबरहुकूम द्यायचे. आणि दिल्यावर दुकानाचे नाव, पत्ता व तारीख त्या चिठ्ठीवर डॉक्टरांच्या सहीच्या वरच टाकायची. पुढे १ मार्च २०१४ पासून 'एच-वन' नावाची एक खास यादी लागू झाली. तीत अल्प्राझोलाम आहे, झोल्पिडेम आहे आणि त्यांच्या पंगतीला काही अँटिबायोटिक्स आणि क्षयाची औषधेही आहेत. ह्या यादीतले औषध दिले की डॉक्टरचे नाव-पत्ता, रोग्याचे नाव, औषध आणि किती दिले, हे सगळे वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची. 'एक्स' यादीतल्या औषधांना तर चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि त्यातली एक दुकानदार दोन वर्षे ठेवून घेतो. शिवाय मामांच्या गोळ्यांवर लाल अक्षरांत 'एनआरएक्स' छापलेले असते, कारण त्या १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातही बसतात. म्हणजे जी गोळी मामा सुपारीच्या डबीत ठेवतात, तिच्यामागे सरकारचे एवढे लटांबर आहे!

"पलीकडच्या गल्लीतला देईल," मामांनी शेवटचे अस्त्र सोडले.

"देईलही. पण मग तुमच्या गोळ्या मोजणार कोण? आणि काका, सही जुळत नाही म्हणून तुम्ही पोस्टात माझ्या वडिलांना पैसे काढू दिले नव्हते. तीन खेपा घातल्या त्यांनी."

"नियम होता तो!" मामा ताडकन म्हणाले आणि मग बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी न्यू जर्सीला मुलाला फोन लावला. "ह्या देशात म्हाताऱ्याला सुखानं झोपूही देत नाहीत," अशी प्रस्तावना झाली. मुलगा म्हणाला, "बाबा, इथं ही गोळी एका चिठ्ठीवर फार तर पाच वेळा पुन्हा मिळते आणि तीही सहा महिन्यांच्या आत. त्याहून कडक औषधांना तर पुन्हा मिळणं नाहीच, दर वेळी नवी चिठ्ठी. हा कायदा १९७० पासून आहे." मामांनी फोन ठेवला. अमेरिकेबद्दल त्यांचे मत आधीच फारसे बरे नव्हते.

केमिस्टने मात्र नुसते 'नाही' म्हणून हात झटकले नव्हते. आमच्यादेखत त्याने डॉक्टरांना फोन केला होता. संध्याकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मोरीची चौकशी केलीच नाही. "काका, रात्री किती वाजता जाग येते?" एवढेच विचारले.

"अडीच," मामा म्हणाले. "ही त्या वेळेला पाणी प्यायला उठायची. भांड्याचा आवाज व्हायचा. आता होत नाही, म्हणून जाग येते. मग आणखी एक घेतो."

आवाजाने जाग येणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. आवाज होत नाही म्हणून जागा होणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला.

डॉक्टरांनी समजावून सांगितले. शरीराला ह्या गोळीची सवय होते. मग एकीने भागत नाही, दोन लागतात. दोन घेऊन म्हातारा माणूस रात्री उठला की तोल जातो आणि मांडीचे हाड मोडते. बरे, एकदम बंद करावी तर तेही धोक्याचे. झोप तर उडतेच, पण कधी कधी फिटही येते. म्हणून आठ दिवस कोरडे काढायचे नाहीत आणि वाढवायचीही नाही. त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली, थोड्याच दिवसांची, आणि पुढे हळूहळू कमी करत न्यायची ठरवली. मोरी, गाव आणि गर्दुल्ला ह्या तिन्ही सबबींनी जे साधले नव्हते, ते अडीच वाजताच्या त्या एका वाक्याने साधले.

हल्ली मामा ठरल्या तारखेलाच दुकानात जातात. वहीत आपले नाव नीट लिहिले की नाही, हे चष्मा लावून तपासतात. केमिस्टही "काका, अडीचचं काय?" असे विचारतो. "परवा सव्वातीनपर्यंत झोपलो," असे मामा सेव्हिंग्ज बँकेचे व्याज सांगावे तसे सांगतात.

मला त्या वहीचे कौतुक वाटते. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाचे दिवस मोजणारे एरवी असते कोण? एक चित्रगुप्त आणि दुसरा हा केमिस्ट. त्यातला पहिला काही वही उघडून दाखवत नाही आणि डॉक्टरांना फोनही करत नाही.