श्वासाच्या आवाजाला अचूक नाव हवे

श्वासाच्या त्रासासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. धाप लागते, दम भरतो, छातीत घरघर होते, शीळ वाजते, घशात खरखर होते. प्रत्येक शब्दाचा आवाज निराळा आणि शरीरातील जागाही निराळी. इंग्लंडमध्ये आमच्या लेकीच्या आजाराचे कारण शोधत असताना मात्र हे सारे शब्द ‘व्हीझ’ या एकाच शब्दात विरून गेले.

पहिल्याच भेटीत तो शब्द नोंदला गेला. पुढे प्रत्येक डॉक्टरने आधी नोंद वाचली आणि मग लेकीची छाती तपासली. सर्दीच्या विषाणूंमुळे लहान मुलांच्या श्वासवाहिन्या आकसतात आणि अशी बहुतेक मुले वाढत्या वयात बरी होतात. पाच वर्षांखालील मुलांना फुंकर मारण्याची चाचणी नीट करता येत नाही, त्यामुळे दम्याचे निदान करणेही अवघड असते. म्हणून निळा इन्हेलर आणि स्पेसर देऊन वाट पाहणे ही रूढ पद्धत आहे आणि पुष्कळ मुलांना ती लागू पडते. आमच्या लेकीला मात्र तिने तिळमात्र फरक पडत नव्हता. ‘मोठी झाली की थांबेल’ हे वाक्य ऐकत आम्ही दोन हिवाळे काढले. रात्री आळीपाळीने तिच्या उशाशी बसायचो. श्वासागणिक तिच्या गळ्याखालची खळगी आत ओढली जाई आणि ती पुन्हा वर येईपर्यंत आमचा जीव टांगणीला लागलेला असे.

शोधाला दिशा मिळाली ती अकोल्याहून. व्हिडिओ कॉलवर नातीचे जेवण पाहता पाहता आजींनी विचारले, “पोरगी पोळी खात नाही, का तिच्यानं खाल्ली जात नाही?” लेक वरणभात खायची, पेज प्यायची. पोळीचा घास मात्र तोंडात घोळवायची, ठसकायची आणि टाकून द्यायची. हा खाण्याचा हट्ट आणि श्वासाचा आवाज या दोन गोष्टींचा संबंध असेल, असे तोवर कोणालाच सुचले नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही एक वही केली. आवाज श्वास घेताना येतो की सोडताना? झोपेत असतो का? सर्दी नसतानाही असतो का? रडल्यावर, जेवताना वाढतो का? महिनाभराच्या नोंदींतून चित्र स्पष्ट झाले. आवाज श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा होता. तो कधीच पुरता थांबत नव्हता आणि खोकला पितळी भांडे वाजावे तसा होता. त्यासोबत मोबाइलवर काही छोटी चित्रणे करून ठेवली. दुभाष्याची मागणी केली. एनएचएसमध्ये ती सेवा विनामूल्य मिळते. मुलांच्या श्वसनविकारांच्या तज्ज्ञांनी ते चित्रण दोनदा ऐकले आणि म्हणाल्या, हा आवाज लहान श्वासवाहिन्यांचा नाही, मुख्य श्वासनलिकेचा आहे.

सीटी स्कॅनमध्ये कारण सापडले. गर्भावस्थेच्या आरंभी महाधमनीच्या दोन कमानी असतात. पुढे त्यातील एक विरून जाते. आमच्या लेकीच्या दोन्ही कमानी तशाच राहिल्या होत्या आणि त्यांच्या कड्यात श्वासनलिका व अन्ननलिका या दोन्ही आवळल्या गेल्या होत्या. शस्त्रक्रियेने ते कडे मोकळे करण्यात आले. दाबामुळे श्वासनलिकेची भिंत मऊ पडलेली असते, म्हणून पुढेही काही महिने आवाज राहील, हे आम्हाला आधीच सांगितले होते. आजही सर्दी झाली की तो खोकला येतो. पण लेक पोळी खाते.

सांगणाऱ्याचा अधिकार मोठा आहे म्हणून किंवा परंपरा तसे सांगते म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. या काळात तो उपदेश आम्हाला दोन्ही बाजूंनी उपयोगी पडला. ‘दृष्ट काढा’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना आम्ही नम्रपणे नकार दिला. डॉक्टरांवर अविश्वास न दाखवता, औषध लागू पडत नाही याची वही त्यांच्यासमोर ठेवली.

नव्याने या देशात आलेल्या कुटुंबांसाठी थोडे सांगावेसे वाटते. सावळ्या त्वचेवर निळेपणा सहज दिसत नाही. तो ओठांच्या आत, जिभेवर, हिरड्यांवर पाहावा. तो दिसला, मूल श्वासासाठी धडपडू लागले किंवा मलूल झाले, तर वही-चित्रण बाजूला ठेवून लगेच 999 ला फोन करावा. मूल रुग्णालयात असताना प्रकृती ढासळते आहे आणि आपले कोणी ऐकत नाही असे वाटल्यास ‘मार्थाज रूल’ची चौकशी करावी. 2024 पासून इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांत त्यानुसार कुटुंबाला दुसऱ्या वैद्यकीय पथकाकडून तातडीची तपासणी मागता येते. आणि घरघर असेल तर घरघरच म्हणावे, खरखर असेल तर खरखर. इंग्रजी शब्द आठवला नाही, तर आवाज काढून दाखवावा. त्यात संकोच कसला?