नेहमीचंच

नववीत असताना मला बाबांच्या पतसंस्थेची डायरी मिळाली. मरून रंगाचं रेक्झिनचं कव्हर, पहिल्या पानावर चेअरमनसाहेबांचा फोटो, मग ठेवींचे व्याजदर, मग सुट्ट्यांची यादी, आणि त्यानंतर कुठेतरी १ जानेवारी २०११. बाबा दरवर्षी दोन आणायचे. एक आईच्या दूध-पेपर-इस्त्रीच्या हिशेबाला, एक कुणालातरी द्यायला. त्या वर्षी घेणारं कुणी नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे आली.

सुरुवातीच्या नोंदी आता वाचवत नाहीत. ‘आज भूमितीचे सर आले नाहीत. संध्याकाळी क्रिकेट. ४२ रन.’ अकरावीत एक मुलगी आवडायला लागली, तेव्हा आई वाचेल या भीतीने मी तिचं नाव आकड्यांत लिहायचो. मला वाटायचं ही आपलीच आयडिया. पुढे कळलं, लंडनच्या सॅम्युअल पीप्सने १६६० ते १६६९ अशी साडेनऊ वर्षांची डायरी शॉर्टहँडमध्ये लिहिली होती. १६६६ साली शहर पेटलं, तेव्हा त्याने आपली वाईन आणि पार्मेझान चीज खड्डा खणून पुरलं, तेही त्यात आहे. त्या आगीबद्दल वाचलेलं बाकी सगळं मी विसरलो. चीज लक्षात राहिलं.

इंजिनिअरिंगला पुण्यात आल्यावर लिहिणं तुटक झालं. नोकरी लागल्यावर मी एका अ‍ॅपवर लिहायला लागलो, ते अ‍ॅप बंद पडलं आणि चौदा महिने गेले. एक्सपोर्ट घ्या म्हणून त्यांचे तीन मेल आले होते. मी दिवसभर दुसऱ्यांच्या डेटाच्या बॅकअपचं काम करतो, हे इथे सांगायला हवं. तेव्हापासून साध्या टेक्स्ट फाइल्स. दिवसाला एक फाइल, तारीख हेच नाव, सगळं गिटमध्ये.

गेल्या दिवाळीत सांगलीला गेलो, तेव्हा माळ्यावरच्या जुन्या डायऱ्या काढल्या आणि टाइप करायला बसलो. सगळं एका जागी आणायचं, सर्च करता आलं पाहिजे, एवढाच विचार. त्यात २७ जून २०१४ची नोंद आली.

ती सांगण्याआधी माझी एक गोष्ट सांगतो, जी मी गेली दहा वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. मला फर्ग्युसनला जाऊन इतिहास घ्यायचा होता. बाबांनी इंजिनिअरिंगला घातलं. हॉस्टेलवर सांगितली, ऑफिसात सांगितली, एकदा एका मुलीला पहिल्याच भेटीत सांगितली. ती चांगली गोष्ट आहे. कंपनीत रात्री दोन वाजता सर्व्हर पडला की ती जास्तच खरी वाटते. २०२१ मध्ये घरून काम चालू असताना एका रात्री मी ती बाबांनाच सुनावली, बऱ्याच वरच्या आवाजात. ते ‘बरं’ म्हणाले आणि गॅलरीत झाडांना पाणी घालायला गेले. रात्री साडेदहाला.

आता नोंद. निळं शाईपेन, अक्षर माझंच.

‘बाबा परत म्हणाले नीट विचार कर. पुण्याला गेले होते तेव्हा फर्ग्युसनचा फॉर्म घेऊन आलेत. मी म्हणालो नको, कॉम्प्युटरच. सगळे तिकडेच चाललेत. इतिहास करून काय मास्तर व्हायचंय? ते हसले. उद्या कॅप राउंडचं बघायला सायबर कॅफे.’

माझे आजोबा मास्तर होते.

मी ते पान टाइप केलं नाही. पुढची दोन पानं केली, मग परत आलो. माझ्या डोक्यात अजूनही तो दिवस वेगळा आहे. त्यात बाबा कॉटवर बसलेत आणि मान हलवून नाही म्हणतायत. पंखा चालू आहे. इतकं स्पष्ट दिसतं की ते मी कधी तयार केलं याचा पत्ता लागत नाही.

आमच्या कामात लॉग हा प्रकार असतो. काय घडलं ते वेळेसकट लिहायचं, नंतर हात लावायचा नाही. डायरीही तशीच, असं मला वाटायचं. पण २०२१च्या त्या रात्रीची फाइल उघडली, तर तिथे लिहिलंय, ‘बाबांशी वाजलं. खरं ते एकदाचं बोललो.’ म्हणजे लॉगच खोटं बोलतोय, आणि तेही मनापासून. मग २०१४च्या नोंदीवर तरी विश्वास का ठेवायचा? अठरा वर्षांचा मुलगा थोडी ऐट मारूनच लिहिणार. कदाचित आतून त्याला इतिहासच हवा असेल आणि मित्रांच्या नादात तो तसं बोलला असेल. असेलही. पण फॉर्म आणला होता. ऐट मारायची म्हणून कुणी दुसऱ्याने आणलेला फॉर्म लिहीत नाही.

पुण्याला परतल्यावर सगळ्या फाइल्समध्ये ‘बाबा’ शोधलं. चारशे बारा ठिकाणी सापडलं. त्यातल्या बहुतेक ओळी एकच आहेत: ‘बाबांचा फोन. नेहमीचंच.’ मी तेव्हा नेहमीचं म्हणून जे सोडून दिलं, ते काय होतं हे आता कुठल्याच कमांडने निघणार नाही. पाऊस, पाठदुखी, पतसंस्थेतली भानगड, काहीतरी असणारच.

घरी असताना बोलायचं धाडस झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी फोनवर बाबांना ती नोंद वाचून दाखवली.

“हो,” ते म्हणाले. “तिथं लाइनीत तासभर उभा होतो.”

“मग त्या रात्री तुम्ही बोलला का नाहीत?”

“तू एवढ्या खात्रीनं बोलत होतास. मला वाटलं, माझीच काहीतरी गफलत होत असेल.”

मी काही म्हणायच्या आत त्यांनी विषय बदलला. वरच्या मजल्यावरच्या काकांनी स्कूटर विकायला काढलीय, चौदा हजार सांगतायत, टायर मात्र नवे आहेत. गॅलरीतल्या अनंताला कळ्या आल्यात. डाव्या गुडघ्याला डॉक्टरांनी नवं मलम दिलंय, वास ओव्याच्या अर्कासारखा येतो. आई मागून म्हणत होती, त्याला विचारा येताना चितळ्यांची बाकरवडी आणणार का, इथली त्याला आवडत नाही.

फोन ठेवल्यावर हे सगळं त्या दिवसाच्या फाइलमध्ये लिहिलं. स्कूटरच्या किमतीसकट.